लेबलवरची ‘पाचवी पिढी’: शेतकरी घराणी वाईनकडे वळली कशी?

प्रश्न असा आला आहे: कॅलिफोर्नियाच्या वाईनच्या बाटल्यांवर ‘चौथ्या पिढीचं’, ‘पाचव्या पिढीचं शेतकरी कुटुंब’ असं हमखास लिहिलेलं दिसतं. ही घराणी पहिल्यापासून वाईनच बनवत आली का? की शेती करता करता मध्येच वाईनकडे वळली? वळली असतील तर का? आणि या इतिहासात खरं किती, जाहिरात किती?

थोडक्यात सांगायचं तर पिढ्या बहुतेक वेळा खऱ्या असतात, वाईन मात्र अलीकडची असते. पाच पिढ्यांपैकी पहिल्या तीन-चार पिढ्यांनी वाईन बनवलेलीच नसते. त्यांनी द्राक्षं विकलेली असतात, आणि त्याआधी गहू, बीट, टोमॅटो, कलिंगडं, जे विकेल ते. वाईनच्या प्रेमात पडून वाईनमेकर झालेले शेतकरी मला कमी भेटले. द्राक्षाचा भाव दुसऱ्याच्या हातात आहे हे सहन होईना म्हणून झालेले पुष्कळ. मी तिकडे आधी द्राक्षखरेदीच्या बाजूला आणि नंतर सेलरमध्ये, म्हणजे वाईन बनवायच्या-मुरवायच्या जागी, काम केलेलं असल्याने दोन्हीकडचं थोडंफार पाहिलं आहे. कॅलिफोर्नियातल्या सर्वांत प्रसिद्ध वाईन-प्रदेशाबद्दल, नापाबद्दल, सगळेच लिहितात, म्हणून मी मुद्दाम लोडाय आणि क्लार्क्सबर्ग या भागांवर भर देतो. सॅक्रामेंटोच्या दक्षिणेचा हा सखल, सुपीक पट्टा. शेतकऱ्याचा वाईनमेकर होणं काय असतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

अपवाद आधी सांगून टाकतो. काही घराणी खरोखरच पहिल्या दिवसापासून वाईनमध्ये आहेत. लिव्हरमोरचं वेंटी घराणं त्यातलं. जर्मनीहून आलेल्या कार्ल वेंटी यांनी १८८३ मध्ये तिथे सुरुवात केली आणि आजही वाईनरी कुटुंबाकडेच आहे. शार्डोने या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या कॅलिफोर्नियातल्या बागांमध्ये सर्वत्र पसरलेला ‘वेंटी क्लोन’, म्हणजे कलमांनी वाढवलेला वाण, त्यांच्याच बागेतून गेलेला. अशी घराणी बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांची गोष्ट दारूबंदीपासून सुरू करावी लागते.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. आता द्राक्षबागा उखडल्या जाणार असं सगळ्यांना वाटलं, आणि झालं नेमकं उलटं. कायद्यात एक पळवाट होती. घरच्या घरी फळांचा रस करायला मनाई नव्हती, आणि व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की कुटुंबप्रमुखाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, ‘रस’ घरात ठेवता येई. तो पुढे आंबला तर कोण बघायला येतंय? शिकागो, न्यूयॉर्कमधल्या इटालियन वस्त्यांना द्राक्षं हवी होती आणि ती पिकत होती कॅलिफोर्नियात. बर्फ भरलेल्या रेल्वेच्या डब्यांतून पेट्या पूर्वेकडे निघाल्या. द्राक्षाचे भाव असे चढले की लोकांनी इतर पिकं काढून वेली लावल्या. बंदीच्या काळात द्राक्षाखालचं क्षेत्र घटायच्या ऐवजी वाढलं.

पण कोणती द्राक्षं लावली ते बघा. अलिकांते बूशे नावाची जात त्या काळात फार फोफावली. साल जाड, त्यामुळे आठवडाभराच्या रेल्वेप्रवासात मणी फुटत नाही. गरसुद्धा लाल, त्यामुळे एकदा रस काढून झाल्यावर चोथ्यात साखर-पाणी घालून पुन्हा आंबवलं तरी रंग येतो. चवीच्या बाबतीत मात्र बेतास बात. उत्तम वाईनच्या जातींची साल नाजूक, मणी बारीक, दिसायला किरकोळ. त्या रेल्वेत टिकत नव्हत्या आणि बाजारात शोभत नव्हत्या, म्हणून उपटल्या गेल्या. पुढची चाळीस वर्षं कॅलिफोर्नियाची वाईन सामान्य राहिली त्याचं एक मोठं कारण हेच. शेतकऱ्याने दर्जा नव्हे तर प्रवास सोसण्याची ताकद बघून वाण निवडला होता, आणि त्याच्या जागी तेच शहाणपण होतं.

याच धंद्यातून मोंडावी घराणं वर आलं. चेझारे मोंडावी हे मिनेसोटात स्थायिक झालेले इटालियन. तिथल्या इटालियन मंडळींसाठी द्राक्षं खरेदी करायला त्यांना कॅलिफोर्नियात पाठवलं गेलं. धंद्यात दम आहे हे ओळखून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते कुटुंबासह लोडायला येऊन राहिले आणि पेट्या भरून पाठवायचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या मुलांनी उन्हाळ्यात पेट्यांना खिळे ठोकले. म्हणजे ज्या रॉबर्ट मोंडावींचं नाव पुढे नापाशी कायमचं जोडलं गेलं, ते वाढले लोडायमध्ये, द्राक्षाच्या अडतीत. नापातली चार्ल्स क्रुग वाईनरी या कुटुंबाने विकत घेतली ती १९४३ मध्ये.

विसाच्या दशकाच्या मध्यात भाव कोसळले. सगळ्यांनीच लावल्यावर दुसरं काय होणार? ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तेव्हा हाती होत्या चुकीच्या जाती, गंजलेली यंत्रं आणि वाईन बनवायचं ज्ञान विसरलेली एक पिढी. मोडेस्टोच्या अर्नेस्ट आणि ज्युलिओ गॅलो या भावांचा किस्सा प्रसिद्ध आहे. वडील द्राक्षं पिकवून विकणारे. मुलांना वाईनरी काढायची होती, पण व्यापारी प्रमाणावर वाईन कशी बनवतात ते ठाऊक नव्हतं. मोडेस्टोच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात त्यांना विद्यापीठाच्या जुन्या पुस्तिका सापडल्या, त्या वाचून त्यांनी सुरुवात केली. त्यांची कंपनी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या वाईन कंपन्यांपैकी एक झाली आणि शेजारपाजारच्या शेकडो बागायतदारांची द्राक्षं घेणारी गिऱ्हाईकही तीच झाली.

त्यानंतरच्या तीन दशकांवर फार थांबत नाही. लोडायच्या आसपास शेतकऱ्यांनी सहकारी वाईनऱ्या काढल्या, त्यांत गोड, ब्रँडी मिसळलेल्या जड वाईन बनत. उरलेलं ब्रँडीच्या भट्टीत जाई. शेतकरी माल टाकून मोकळा होई. त्याच्या नावाची बाटली असावी असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जेवणासोबतच्या साध्या, कोरड्या वाईनचा खप जड गोड वाईनच्या पुढे गेला. चांगल्या जातींच्या द्राक्षांना एकदम मागणी आली. क्लार्क्सबर्गच्या बोगल कुटुंबाने १९६८ मध्ये पहिली वीस एकर द्राक्षबाग लावली ती या वळणावर. वडील आणि मुलगा, वॉरन आणि ख्रिस. जाती पेटिट सिराह आणि शेनाँ ब्लाँ. हे कुटुंब त्या भागात एकोणिसाव्या शतकापासून शेती करत होतं. हा प्रदेश सॅक्रामेंटो नदीच्या त्रिभुज प्रदेशातला, नदीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीचा, आणि तिथे वेली लावणं म्हणजे तेव्हा वेडेपणाच समजला जाई. ही जमीन मका, गहू, टोमॅटो आणि बीटची. क्लार्क्सबर्गमध्ये बीटपासून साखर करणारा मोठा कारखाना होता आणि आजूबाजूची शेती त्याच्या भोवती फिरे. आता तो बंद आहे आणि त्याच्या विटांच्या इमारतींत वेगवेगळ्या वाईनऱ्यांनी टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखायच्या आणि विकायच्या खोल्या, थाटल्यात.

बोगल यांनी सुरुवातीला वाईन बनवली नाही, द्राक्षं दुसऱ्या वाईनऱ्यांना विकली. स्वतःचं लेबल आलं ते साधारण दहा वर्षांनी, सत्तरचं दशक संपता संपता. ही दहा वर्षं लेबलांवरच्या इतिहासात एका ओळीत उरकतात, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. या काळात शेतकरी वजनकाट्यावर उभा असतो.

वजनकाट्यावर काय होतं ते सांगतो. ट्रक येतो, भरलेल्या गाडीचं वजन होतं. मग एक लांब पोकळ नळी यंत्राने द्राक्षांच्या ढिगात तीन-चार ठिकाणी खुपसतात आणि नमुना काढतात. त्याचा रस काढून साखर मोजतात, ब्रिक्समध्ये, म्हणजे ढोबळमानाने रसात साखर किती टक्के. आम्लता आणि पीएच बघतात. पानं, देठ, कुजके मणी किती टक्के तेही बघतात. करारात साखर अमुक ते अमुक दरम्यान हवी असं लिहिलेलं असतं. कमी असेल तर दर कापला जातो, कचरा किंवा कूज मर्यादेबाहेर असेल तर दर कापला जातो, फारच असेल तर गाडी परत. ज्या वर्षी वाईनरीच्या टाक्या रिकाम्या असतात त्या वर्षी नळीला कूज सापडत नाही. ज्या वर्षी टाक्या भरलेल्या असतात त्या वर्षी हटकून सापडते. हे मी खरेदीच्या बाजूने उभा राहून पाहिलेलं आहे, त्यामुळे कुणाची कड घेऊन बोलतोय असं समजू नका.

त्याहून दुखरी गोष्ट म्हणजे तोडणी कधी करायची हे ठरवण्याचा अधिकार. नव्वदच्या दशकापासून वाईनऱ्यांना गडद, भरदार रेड वाईन हवी झाली आणि त्यासाठी द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवायला सांगू लागल्या. २४ ब्रिक्सला तोडायची ती २६, २७ ला. शेवटचे ते दिवस साखर तयार होत नसते, मण्यातलं पाणी उडत असतं. साखर तेवढीच राहून केवळ पाणी उडाल्याने २४ चे २७ ब्रिक्स झाले तर घडाचं वजन साधारण अकरा टक्क्यांनी घटतं. शेतकऱ्याला पैसे टनावर. म्हणजे अकरा टक्के उत्पन्न वेलीवरच हवेत गेलं. गंमत पुढे आहे. इतक्या गोड रसात यीस्ट धड काम करत नाही, किण्वन मध्येच अडकतं. म्हणून वाईनरी त्यात पाणी घालते. कायद्याने तशी मुभा आहे, फक्त साखर २२ ब्रिक्सच्या खाली जाता कामा नये. शेतकऱ्याच्या मण्यातून जे पाणी बिनपैशाने उडालं, तेच वाईनरीने नळाने परत भरलं. यावरून त्या भागात वर्षानुवर्षं धुसफुस चालली. काही वाईनऱ्यांनी टनाऐवजी एकरावर पैसे द्यायला सुरुवात केली, पण सगळ्यांनी नाही. आणि एखाद्या बागायतदाराच्या मुलाने ‘आपण स्वतःच का बनवू नये’ असा विषय काढायला एवढं निमित्त पुरतं.

लोडायला आणखी एक धक्का बसला. तिथलं मानाचं द्राक्ष वाईनचं नव्हतंच, खायचं होतं: फ्लेम टोके, टपोरं, लालसर, बियांचं. १९०७ मध्ये गावाने टोके द्राक्षाचा उत्सव केला आणि त्यासाठी उभारलेली कमान आजही गावात उभी आहे. मग बाजाराला बिनबियांची द्राक्षं आवडू लागली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टोकेला कुणी विचारेना. पिढ्यानपिढ्यांच्या टोकेच्या बागा उखडाव्या लागल्या. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, रॉबर्ट मोंडावी यांनी लोडायजवळ वुडब्रिज वाईनरी सुरू केली आणि ते बागायतदारांकडून कॅबर्ने, शार्डोने, झिनफँडेल या वाईनच्या जाती घेऊ लागले. लहानपणी पेट्यांना खिळे ठोकलेला माणूस त्याच गावात खरेदीदार म्हणून परत आला. अनेक घरं त्या करारांवर सावरली.

झिनफँडेलच्या जुन्या वेली वाचल्या त्यामागे एक अशी वाईन आहे जिला जाणकार नाकं मुरडतात. नापाच्या ट्रिंकेरो कुटुंबाच्या सटर होम वाईनरीत १९७५ मध्ये झिनफँडेलच्या फिकट रसाचं किण्वन मध्येच थांबलं आणि थोडी साखर राहून गेली. ती गुलाबी, गोडसर ‘व्हाइट झिनफँडेल’ तुफान खपली. ऐंशीच्या दशकात या सवंग वाईनला द्राक्षं लागत म्हणून लोडायमधल्या शंभरीकडे झुकलेल्या वेली कुणी उपटल्या नाहीत. पुढे त्याच वेलींच्या द्राक्षांवर ‘ओल्ड व्हाइन’ (जुनी वेल) म्हणत महागड्या बाटल्या निघाल्या. तेव्हा गुलाबी झिनफँडेलला हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं.

या सगळ्या काळात लोडायची द्राक्षं जगभर जात होती, लोडायचं नाव मात्र कुठेच नव्हतं. माल टँकरने दुसऱ्या भागांत जाऊन ‘कॅलिफोर्निया’ या मोघम नावाखाली मिसळला जाई. कायदा असा की लेबलवर एखाद्या अधिकृत द्राक्षक्षेत्राचं नाव छापायचं तर ८५ टक्के द्राक्षं तिथली हवीत. उरलेली १५ टक्के कुठली, ते सांगायची सक्ती नाही. १९८६ मध्ये लोडायला स्वतःचं अधिकृत क्षेत्र मिळालं. १९९१ मध्ये तिथल्या बागायतदारांनी मतदान करून आपल्याच द्राक्षविक्रीवर वर्गणी बसवून घेतली आणि त्या पैशातून लोडाय वाईनग्रेप कमिशन उभं केलं, संशोधनासाठी आणि नावासाठी. शेतकऱ्यांनी स्वतःवर कर लावून घ्यायला मतदान करणं किती अवघड असतं हे शेतीतल्या माणसाला सांगायला नको. माझ्या मते तिथल्या वाईनऱ्यांच्या लाटेचं श्रेय कुठल्या एका हुशार वाईनमेकरपेक्षा या मतदानाला जास्त जातं. लँगे कुटुंब घ्या. जर्मनीहून १८७० च्या दशकात आलेले पूर्वज कलिंगडं लावत. पुढच्या पिढ्या द्राक्षांकडे वळल्या, दुसऱ्यांच्या बागाही सांभाळू लागल्या, आणि रँडल व ब्रॅड या जुळ्या भावांनी स्वतःची वाईनरी उभारली ती थेट या शतकात.

आता घरात काय बदलतं ते. जमीन तीच, वेली त्याच, ट्रॅक्टरही तोच. पण बाप आणि मुलगा दोन वेगळे धंदे करू लागतात. बाप टनात विचार करतो. मुलगा किंवा मुलगी जवळच्या डेव्हिस विद्यापीठातून शिकून आलेली, ती चवीत विचार करते. मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी पिकू लागायची, वेळ आली की खटका उडतो. द्राक्षं चांगल्या वाईनसाठी हवी असतील तर या वेळी घडांची विरळणी करतात, मागे राहिलेले, हिरवट घड कापून खाली टाकतात, म्हणजे उरलेले सारखे पिकतात. ज्याने आयुष्यभर प्रत्येक घड वजनकाट्यावर चढवला त्याच्या डोळ्यांसमोर वेलींच्या ओळीखाली घडांचा सडा पडतो. असे बाप मी पाहिलेत, जे विरळणीच्या दिवशी बागेत पाऊलच टाकत नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारतात, किती टाकलंत? आणि उत्तर ऐकून काही बोलत नाहीत.

याहून मोठा बदल पैशाच्या चालीत. द्राक्षं विकली की हंगाम उरकल्यावर पैसे येतात, कधी एकदम, कधी हप्त्यांनी. वाईनचं गणित मांडून बघू. शंभर टन द्राक्षं. एक अमेरिकन टन ९०७ किलोचा, त्यातून अंदाजे ६५ खोकी वाईन निघते, खोक्यात ७५० मिलीच्या बारा बाटल्या. म्हणजे साडेसहा हजार खोकी, ७८ हजार बाटल्या. ही रेड वाईन बॅरलमध्ये ठेवायची तर २२५ लिटरची सुमारे २६० बॅरल लागतात. दीड वर्ष ती पडून राहणार, म्हणजे पहिल्या वर्षाची वाईन बाटलीत जायच्या आत दुसऱ्या वर्षाचा माल दारात, आणि त्याला आणखी २६० बॅरल. बाटलीत गेल्यावर काही महिने विश्रांती, मग विक्री, मग वसुली. बाग नवी असेल तर लागवडीपासून पहिलं धड पीक यायलाच तीन वर्षं. घरात पहिला पैसा यायला पाच-सहा वर्षं लागली तर ती चांगली गोष्ट समजायची. एवढा काळ बँक कशावर थांबणार? जमिनीवर. शेतकरी घराण्यांनी हा धंदा करून दाखवला तो वाईन चांगली बनवली म्हणून नव्हे, आजोबांनी जमीन फेडून ठेवलेली होती म्हणून. नवशिक्यापाशी हेच नसतं.

वाईन बनवणं यातला सोपा भाग आहे, असं मी म्हटलं की लोक हसतात. विकणं अवघड. बंदी उठल्यानंतर राज्याराज्यांनी अशी रचना केली की उत्पादकाने वितरकाला विकायचं आणि वितरकाने दुकानाला. मोठा वितरक लहान घराण्याच्या चारशे खोक्यांकडे ढुंकून बघत नाही. म्हणून बागेतच टेस्टिंग रूम काढायची, येणाऱ्याला चव द्यायची, दारातच विकायचं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एखादं राज्य आपल्या वाईनऱ्यांना ग्राहकाच्या घरी माल पाठवू देत असेल तर बाहेरच्या राज्यातल्यांना अडवता येणार नाही. त्यानंतर लहान घराण्यांचा जीव भांड्यात पडला. पण आता शेतकऱ्याच्या घरातल्या कुणाला तरी शनिवार-रविवार काउंटरमागे उभं राहून हसतमुखाने गप्पा मारायच्या असतात. हे काम बहुतेक घरांत सुनेकडे किंवा मुलीकडे जातं आणि वाईनरी जगते ती बऱ्याचदा तिच्यामुळे.

बोगल घराण्यातच बघा. ख्रिस बोगल यांचं १९९७ मध्ये निधन झालं. त्यानंतर त्यांच्या पत्नी पॅटी यांनी वाईनरीची सूत्रं हाती घेतली, आणि त्यांच्यानंतर तिन्ही मुलं, वॉरन, जोडी आणि रायन, ती चालवत आहेत. क्लार्क्सबर्ग हे नाव दुकानांच्या फळीवर पोचलं त्यात या वाईनरीचा वाटा मोठा.

उलट मोंडावींचं घर बघा. रॉबर्ट आणि पीटर या भावांचं १९६५ मध्ये हातघाईवर आलं. रॉबर्ट बाहेर पडले, १९६६ मध्ये त्यांनी नापातल्या ओकव्हिलला स्वतःची वाईनरी काढली आणि इतिहास घडवला. १९९३ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आणले आणि २००४ मध्ये ती एका मोठ्या मद्यकंपनीला विकली गेली. पीटर यांच्या शाखेकडे चार्ल्स क्रुग मात्र राहिली. नाव कुणाचं मोठं झालं आणि घराण्याकडे काय उरलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. घराणं तुटायचं कारण क्वचितच वाईन असते. वारसा कर, जमिनीच्या वाटण्या, आणि एका भावाला वाढायचं असताना दुसऱ्याला आहे ते पुरेसं वाटणं, यावर घोडं अडतं.

‘पिढ्या’ या शब्दाकडेही जरा डोळसपणे बघावं. क्लार्क्सबर्गच्या आसपासचे पहिले बांध एकोणिसाव्या शतकात मुख्यतः चिनी मजुरांनी घातले. द्राक्षं जपानी, फिलिपिनो, पंजाबी आणि मग मेक्सिकन हातांनी तोडली. १९१३ च्या कॅलिफोर्नियातल्या कायद्याने नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या आशियाई स्थलांतरितांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी केली. म्हणजे त्याच मातीत तितकीच वर्षं राबलेल्या कित्येकांच्या पिढ्या मोजायला सात-बाराच झाला नाही, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. १९६५ मध्ये डेलानोला खाण्याच्या द्राक्षाच्या मळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, पाठोपाठ शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांची संघटना उतरली, आणि तो पाच वर्षं चालला. द्राक्षशेतीच्या इतिहासात हे पान कुटुंबाच्या पानाइतकंच मोठं आहे, पण टेस्टिंग रूमच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोंत ते सहसा नसतं.

आता खरं किती हे ओळखायचं कसं. समोरच्या लेबलवर कविता असते, मागची बारीक ओळ वाचा. ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ असेल तर निदान ७५ टक्के वाईन त्या नावाच्या वाईनरीने स्वतः आंबवलेली असली पाहिजे. ‘सेलर्ड’ किंवा ‘व्हिंटेड अँड बॉटल्ड बाय’ असेल तर वाईन तयार विकत घेऊन बाटलीत भरलेली असू शकते. ‘इस्टेट बॉटल्ड’ हा सगळ्यात कडक शब्दप्रयोग: सगळी द्राक्षं त्यांच्याच ताब्यातल्या जमिनीची, जमीन आणि वाईनरी एकाच अधिकृत क्षेत्रात, आणि गाळण्यापासून बाटलीपर्यंत सगळं त्यांच्याच आवारात. ‘ओल्ड व्हाइन’ला कायद्यात व्याख्या नाही, चाळीस वर्षांच्या वेलीलाही लावता येतं. पिढ्या कुठून मोजायच्या यालाही नियम नाही. बोटीतून उतरलेल्या पणजोबांपासून मोजतात, आणि ते खोटंही नसतं. एक मेख मात्र लक्षात ठेवा: अनेक शेतकरी शेजारच्या मोठ्या वाईनरीत भाड्याने वाईन बनवून घेतात आणि स्वतःच्या नावाने भरतात. सगळं कायदेशीर. त्यात कमीपणा काही नाही, उलट महागडी यंत्रं न घेता पहिली पाच वर्षं काढायचा तोच शहाणा मार्ग.

सध्या दिवस कठीण आहेत. अमेरिकेत वाईनचा खप घटतोय, २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात गाळल्या गेलेल्या द्राक्षांचं वजन त्याआधीच्या जवळपास वीस वर्षांतलं सर्वांत कमी होतं, आणि लोडायसारख्या भागात गिऱ्हाईक नाही म्हणून पिकलेली द्राक्षं वेलीवरच राहिली. बागा उखडून बदाम, पिस्ते लावले जात आहेत. अशा वेळी कोणती घराणी तगून आहेत ते बघितलं तर बहुतेकांनी वाईनरी काढल्यावरही द्राक्षं विकणं बंद केलेलं नाही. पिकाचा काही भाग स्वतःच्या टाकीत, बाकीचा करारावर बाहेर. करार तुटला तर टाकी आहे, वाईन खपली नाही तर करार आहे. सगळीच्या सगळी द्राक्षं स्वतःच्या बाटलीत घालायचा अट्टहास ज्यांनी केला त्यांच्या गोदामांत आज तीन-तीन हंगामांची वाईन साचली आहे.

म्हणून कधी अशा एखाद्या टेस्टिंग रूममध्ये गेलात तर कितवी पिढी ते विचारू नका, ते भिंतीवर लिहिलेलं असतंच. तुम्ही आजही द्राक्षं कुणाला विकता, एवढं विचारा. शेतकरी असेल तर खरेदीदारांची नावं, या वर्षीचा भाव आणि गाडी कुणी परत पाठवली हे सगळं तो न विचारता सांगेल, आणि बहुधा ओतता ओतता ग्लास जरा जास्तच भरेल.